हलका हात

त्याच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक बघता बघता घोरायला लागायचं. हात इतका हलका, की कात्री फिरतेय याची कानाला खबर नसायची. रडकी पोरं, कटकटे म्हातारे, लग्नाच्या सकाळी हातपाय गाळून बसलेले नवरदेव, सगळे त्याच्यापुढे मुकाट मान तुकवायचे. आणि या बहाद्दराच्या स्वतःच्या लेकीच्या डोक्यावर मात्र हे एवढं जंगल! केस डोळ्यांवर, मानेवर, वाट्टेल तिकडे. "काय हो, घरच्या गिऱ्हाइकाचा नंबरच लागत नाही वाटतं?" लोक चेष्टा करायचे. तो हसून वेळ मारून न्यायचा.

लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे. पाच वर्षांची पोर स्वतःभोवती गरगर फिरायची, पण चक्कर म्हणून यायची नाही. कंगवा जवळ नेला की मात्र किंकाळी. बापानं गालाला नुसतं बोट लावलं तरी अंग चोरून पळायची. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दोघा नवराबायकोला समोर बसवून नीट समजावलं. भिंगरीला ऑटिझम आहे. आवाज, उजेड, स्पर्श तिला आपल्यासारखे लागत नाहीत. त्यानं शहाण्यासारखी मान डोलावली, घरी आला आणि बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडला.

बाकी सगळं त्यानं पचवलं असतं हो. उशिरा बोलेल, नाहीतर नाही बोलणार. तिच्या वाटचं आपण बोलू, आपल्या तोंडाला कुठे कुलूप आहे? पण एक गोष्ट त्याच्या जिवाला लागली होती. पोरीला आपला हात नको आहे. म्हणजे आपणच नको आहोत.

मग त्यानं चंगच बांधला. सलूनच्या सुट्टीच्या दिवशी अर्धं शटर ओढून तो मायलेकींना घेऊन यायचा. हात होता त्याहून हलका केला. सगळ्यात मऊ ब्रश काढला. कात्रीला तेल घातलं, खट्ट म्हणून वाजायला नको. भिंगरी आणखी जोरात किंचाळली. त्यानं हात आणखी हलका केला. आता बोला! आगीत तेल ओतायचं काम चाललं होतं, आणि ओतणाऱ्याला वाटत होतं, आपण पाणीच मारतोय.

त्या दिवशीही तेच झालं. मानेवर ब्रश टेकला, भिंगरी ओरडत खुर्चीतून सटकली आणि कोपऱ्यात धुऊन ठेवलेल्या टॉवेलांच्या ढिगात घुसली. पोर गुदमरेल म्हणून तो धावला. त्यानं वरचा टॉवेल उचलला, तिनं ओढून परत अंगावर घेतला. त्यानं दुसरा उचलला, तिनं तोही ओढला. बायको हसायला लागली.

"अहो, राहू द्या. तिला अंगावर ओझं आवडतं. घरी गाद्यांखाली जाऊन बसते ती."

"आणि तू न्हाऊ घालतेस तेव्हा कशी गप्प बसते गं?"

"खसाखसा घासते म्हणून. जळकं पातेलं घासावं तशी."

"अगं, डोकं आहे ते पोरीचं! हळू घास म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

"हळू केलं की ओरडते. तुमच्या मानेवरून मुंगी फिरली तर तुम्ही गप्प बसाल?"

तो ब्रश हातात घेऊन उभाच राहिला. ज्या हाताचं गावभर कौतुक, तो पोरीला मुंगीसारखा लागत होता! आणि आपण दर आठवड्याला ती मुंगी आणखी बारीक करत होतो. त्याला स्वतःचा राग आला, मग हसू आलं.

"म्हणजे... मी तिला नकोसा नाही?"

"तुम्ही नाही हो. तुमची ती मुंगी नकोशी आहे."

त्यानं ब्रश ठेवून दिला. ढिगाजवळ जमिनीवर मांडी घातली आणि आपला पंजा भिंगरीच्या डोक्यावर ठेवून चांगला दाबला. उभ्या जन्मात त्यानं कुणाचं डोकं असं दाबलं नव्हतं. भिंगरी ओरडली नाही. तिचे खांदे सैल पडले, डोळे मिटले. आजच्यापुरतं एवढं पुरे, जास्त हाव नको, असं म्हणून त्यानं हात उचलला.

भिंगरीनं तो पकडला. परत आपल्या डोक्यावर ठेवला आणि वरून स्वतःचे दोन्ही हात ठेवून दाबला.

मग काय, गडी भोकाडच पसरून रडला. भिंगरीला तो आवाज मुळीच आवडला नाही. तिनं एक हात काढून त्याच्या तोंडावर घट्ट धरला.

"अहो, शांत आहे तोवर केस तरी कापून घ्या!" बायको डोळे पुसत म्हणाली.

त्यानं मानेनंच नाही म्हटलं. तिथून हात उचलायच्या बाबतीत तो आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हता.