‘काळा सदरा’ कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी मंद स्वरात आठवणी सांगाव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते. ती मला मान्य नाही. मला ज्या काचेच्या पेटीत ठेवले आहे, तिच्यावर एक पितळी पाटी आहे. ‘याच गिटारीवर हेस्टर कॉडिल यांनी आपले सुप्रसिद्ध गीत “काळा सदरा” रचले,’ असे तिच्यावर कोरले आहे. या वाक्यातील गिटार खरी आहे, हेस्टरही खरी आहे. ‘रचले’ हा शब्द तेवढा खोटा आहे. तो कसा खोटा, हे मी क्रमाने सांगते.

केंटकीच्या डोंगरांत खाणीसाठी लाकडी टेकू घडवणाऱ्या लूथर स्लोन नावाच्या सुताराने, उरलेल्या अक्रोडाच्या फळीतून मला घडवले आणि आपल्या सोळा वर्षांच्या भाचीला, हेस्टरला, दिले. त्याच उन्हाळ्यात जत्रेतल्या मंचावर हेस्टरने डेल्फा नोबलला ऐकले. डेल्फा तिच्याहून बारा वर्षांनी मोठी, खाणकामगाराची बायको, आवाजाने खरखरीत. ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी ती थांबे आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकला की मगच तो शब्द सोडी. तो थांबा साधावा म्हणून हेस्टरने घरी माझ्या मानेवरचे लाकूड बोटांनी झिजवून त्याला खळगे पाडले. पुढे ती रेडिओवर गायली, गावोगावच्या मंचांवर गायली, नावारूपाला आली. डेल्फाला मात्र घर सोडता येईना; नवऱ्याच्या छातीत कोळशाची धूळ भरली होती. तरी ‘काळा सदरा’ तिने त्याच दिवसांत रचला : सदऱ्यावरचा कोळसा निघत नाही म्हणून रडणारी बाई, नवरा गेल्यावर तो निघतो तेव्हा अधिक रडते.

आमच्याकडे एक रीत आहे. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की गाणारी माणसे ओसरीवर गोल करून बसतात आणि एकच गिटार हातोहात फिरते. ती ज्याच्या हाती येईल त्याने स्वतः रचलेले एक गाणे म्हणायचे आणि ती पुढे द्यायची. गाणे कोणाचे, हे कोणी विचारत नाही. विचारण्याचे कारणच नसते. एका रविवारी डेल्फा येणार होती. नवऱ्याचा दम वाढला, ती आली नाही. तिची खुर्ची रिकामी पाहून हेस्टरला राहवले नाही. आपली पाळी आली तेव्हा तिने स्वतःचे गाणे सोडून ‘काळा सदरा’ म्हटला आणि गाणे डेल्फाचे आहे हे न सांगता मला पुढे दिले. इथे सगळ्यांना ठाऊक आहे, असे तिला वाटले. एकाला ठाऊक नव्हते. गाण्यांच्या तबकड्या काढणारा शहरातला एक गृहस्थ तिथे पाहुणा होता. तो रीत जाणत होता. डेल्फाला जाणत नव्हता.

“हे गाणं माझं नाही,” हेस्टरने त्याला नंतर सांगितले.

तो हसला. “त्या गोलात बसून दुसऱ्याचं गाणं कोण म्हणतं, बाई? शहरातला म्हणून मला अगदीच खुळा समजलात काय?”

मी हेस्टरची वकिली करणार नाही. तिने आणखी एकदा सांगायला हवे होते. ती त्याच्या तबकडीसाठी गायली, आणि तबकडीवर तिचेच नाव छापले गेले.

ती तबकडी घरोघर वाजू लागली तेव्हा हेस्टर मला पाठीला लावून डेल्फाच्या स्वयंपाकघरात गेली. डेल्फा घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

“मावशी, मी चोर आहे.”

“चोर असतीस तर पुढच्या दारानं आली नसतीस. बस. शेंगा मोड.”

“रागव तरी माझ्यावर!”

“रागावलेच आहे की! सदरा साबणानं धुतलास? आमच्या घरात कुठला गं साबण? राखेचं पाणी आहे त्या ओळीत. माझ्या बाईला एका दिवसात श्रीमंत केलंस!”

हेस्टर हसता हसता रडू लागली. “आता काय करू मी?”

“नाव सांग. गाण्याआधी, दर वेळी. माझी पोरं ते ऐकतील. एवढंच दे मला.”

त्यानंतर एकतीस वर्षे हेस्टरने प्रत्येक मंचावर आधी डेल्फाचे नाव घेतले आणि मगच माझ्या तारांना हात लावला. रेडिओवाले तेवढे वाक्य कापून टाकीत. वर्तमानपत्रांनी तर त्याला ‘हेस्टरचा विनय’ म्हटले! एक बाई खरे सांगते आणि तुम्ही त्याला तिचा गुण ठरवून मोकळे होता? खऱ्याची एवढी सोयीस्कर विल्हेवाट मी दुसरी पाहिली नाही.

डेल्फा वारली. दोन्ही नावे कोरण्याच्या अटीवर हेस्टरने मला या संग्रहालयाला दिले. पाटी लागल्यावर एक्क्याऐंशी वर्षांची हेस्टर काठी टेकत इथे आली.

“पाटी चुकली आहे.”

“बाईसाहेब,” व्यवस्थापक गोड आवाजात म्हणाला, “लोकांच्या लक्षात एकच नाव राहतं.”

“मग तिचं लिहा!”

त्याने लिहिले नाही. तेव्हापासून दर शनिवारी हेस्टर माझ्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसे आणि येईल त्याला खरे सांगे. लोक तिच्यासोबत छायाचित्रे काढीत आणि पाटी वाचत निघून जात. गेल्या जानेवारीत ती वारली. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची अडगळ म्हणून आत नेली.

मित्रांनो, माझी निगा उत्तम आहे. माझ्यावर धूळ नाही, माझ्यासाठी हवासुद्धा मोजून सोडतात. मला ही निगा नको. तुम्ही कधी इथे आलात तर माझ्या लाकडाची स्तुती करू नका. दारापाशी तिकिटे फाडणाऱ्या माणसाला मोठ्याने विचारा, “डेल्फा नोबल कोण?” त्याला उत्तर येणार नाही. तेव्हा तुम्ही सांगा. तुमच्यामागे रांग खोळंबली, तरी सांगा.