वहिनींची चाचणी

त्या दुकानाला गिऱ्हाइकांसाठी दार नव्हतं. कपडे विकले जायचे ते सगळे फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून. खाली गोदाम, वर ऑफिस, आणि ऑफिसच्या मागच्या गच्चीवर बाराही महिने कपडे वाळत घातलेले. डिझायनर पहिल्या दिवशी आली तेव्हा तिला वाटलं, मागे कुणाचं तरी बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड नव्हतं. ते मोठ्या वहिनींचं काम होतं.

दुकान दोन भावांचं. मोठ्याच्या बायकोला सगळेच वहिनी म्हणायचे, अगदी पार्सलं बांधणारेसुद्धा. नवा माल आला की वहिनी त्यातला प्रत्येक कपडा आधी तीनदा धुवायच्या, मग दिवसभर स्वतः घालून वावरायच्या किंवा गोदामातल्या कुणाला तरी घालायला लावायच्या, आणि मगच साइटवर त्या कपड्याखाली चार ओळी लिहायच्या. ‘निळा आहे, पण फोटोत दिसतो तेवढा नाही.’ ‘लांबी आखूड आहे, वरच्या फळीवरचं काही काढायला गेलात तर पोट दिसेल.’ ‘तिसऱ्या धुण्यात बोटभर आटला. एक माप मोठा घ्या.’ गिऱ्हाइकं कपड्यांआधी हे वाचायची, आणि घेतलेला कपडा सहसा परत यायचा नाही.

डिझायनरला साइट नव्याने मांडायला बोलावलं होतं. पोरगी हुशार होती, हे कबूल करायला हवं. गिऱ्हाईक कुठे अडतं, कुठे वैतागतं, कुठे खरेदी अर्धवट टाकून निघून जातं, हे ती नुसते आकडे बघून सांगायची. फक्त स्वतःची चूक कुणी दाखवली की तिच्या कपाळावर आठी चढायची, आणि ती चढली की आठवडाभर उतरायची नाही. तिने पहिला आराखडा मांडला तेव्हा वहिनी चष्मा पुसत सगळ्यांदेखत म्हणाल्या, “अगं, ही करडी अक्षरं मला दिसत नाहीत. म्हणजे माझ्या वयाच्या गिऱ्हाइकांनाही दिसणार नाहीत. निम्मी गिऱ्हाइकं माझ्याच वयाची आहेत.” बरोबरच होतं ते. डिझायनरने अक्षरं काळी केली आणि वहिनींवर मनातून दात धरला. चुकीच्या माणसाचा राग निवळतो. बरोबर असणाऱ्याचा निवळत नाही.

धाकट्याचं दुखणं वेगळं होतं. वहिनींच्या धुण्यामुळे नवा माल साइटवर यायला आठ दिवस लागायचे. त्याला तो त्याच दिवशी हवा होता, खाली दोन शब्द, ‘मऊ, आरामदायी’, आणि संपलं. मोठा मात्र बायकोचं काम काढून घ्यायला तयार नव्हता. तो भांडायचा नाही, नुसता पेन उघडायचा आणि मिटायचा. शेवटी धाकट्यानेच तोडगा काढला.

“दादा, तू म्हणतोस तर वहिनींचं लिहिणं राहू दे. पण नव्या साइटवर सगळं स्वतःलाच चढवावं लागणार. आता जसा आपला ऑपरेटर त्यांच्या वहीतून टाइप करतो तसं नाही. वहिनींना ते जमतंय का, एकदा बघू. एक कपडा त्यांनी एकटीने साइटवर चढवला, तर खुर्ची त्यांची, मी परत तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर त्यांनी आता घरी आराम करावा. खूप केलं त्यांनी.”

“घ्या की चाचणी,” वहिनी म्हणाल्या. “पण भाऊजी, आराम मला मानवत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.”

सगळे हसले. वहिनी पुढचे चार दिवस ऑपरेटरच्या शेजारी बसून माउस कसा धरायचा ते शिकल्या. घरी नातीच्या कॉम्प्युटरवर सराव केला. वहीत पायऱ्या लिहून काढल्या. त्या खुर्चीवर त्या एकोणीस वर्षं बसत होत्या, आणि ती सोडून घरी नुसतं बसायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. हे त्यांनी डिझायनरला स्वतःच सांगितलं होतं, डब्यातली अर्धी पोळी तिच्या पुढे सरकवत. डिझायनरने पोळी खाल्ली.

आता या चाचणीचा एक नियम असतो, आणि डिझायनरला त्या नियमाचा फार अभिमान होता. माणसाला नव्या साइटपुढे बसवायचं, काम सांगायचं, आणि मग चाचणी घेणाऱ्याने तोंडातून अक्षर काढायचं नाही. माणूस अडला तरी नाही, रडकुंडीला आला तरी नाही. मदत केली की चाचणी फुकट. दुसरी गोष्ट अशी की चाचणीसाठी जी साइट दाखवतात ती पुरती खरी नसते, कच्चा नमुना असतो. त्यातली बटणं आधी नुसती चित्रं असतात. कुठलं बटण दाबलं की काय उघडायचं, हे एकेक करून जोडावं लागतं.

चाचणी छोट्या खोलीत झाली. टेबल, कॉम्प्युटर, वहिनींच्या चेहऱ्यावर एक कॅमेरा, आणि पडद्यावर जे जे होईल ते टिपणारी सोय. डिझायनर मागे, भिंतीला लागून, मांडीवर वही घेऊन बसली. वहिनींनी पिवळ्या शर्टाचा फोटो चढवला. मापं भरली. मग दोन बोटांनी, न अडखळता, आपल्या चार ओळी टाइप केल्या: ‘कॉलर ताठ राहते. दुसरी गुंडी सैल शिवली आहे, घेतल्याबरोबर घट्ट करून घ्या.’ सगळं मिळून सहा मिनिटं. खाली उजवीकडे हिरवं बटण होतं, ‘दुकानात मांडा’. वहिनींनी बाण त्यावर नेला आणि दाबलं.

काहीच झालं नाही.

डिझायनरने वहीतून मान वर केली आणि तिच्या लक्षात आलं. सकाळी घाईघाईत तिने बटणाचा रंग बदलला होता, आणि नवं बटण जोडायचंच राहिलं होतं. ते नुसतं हिरवं चित्र होतं. जगातला सगळ्यात हुशार माणूस आणून बसवला असता तरी त्या बटणाने काही होणार नव्हतं.

वहिनींनी बाण बाजूला नेला. मग म्हणाल्या, “हे नसेल मग.” आणि दुसरं बटण शोधायला लागल्या.

इथे ‘थांबा वहिनी, माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. डिझायनरने ते जुळवलेही होते. पण मग तिला ती करडी अक्षरं आठवली, सगळ्यांसमोर पुसलेला तो चष्मा आठवला. आणि मनाशी ती म्हणाली, नियम म्हणजे नियम. नियमाच्या आड लपायला फार बरं असतं.

वहिनी अकरा मिनिटं शोधत होत्या. त्यांनी वरच्या पट्टीतलं सगळं दाबून पाहिलं. एकदा चुकून फोटो उडाला, तो पुन्हा चढवला. वही काढून पायऱ्या वाचल्या, बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारख्या. मग पडद्याशीच बोलायला लागल्या. “अरे बाबा, मी काय केलं तुला? कुठे लपलास?” चष्मा वर केला, खाली केला. नवव्या मिनिटाला त्या मागे वळल्या. “अगं, जरा सांग ना, माझं काय चुकतंय?” डिझायनरने ओठांवर बोट ठेवलं आणि हसून मान हलवली. वहिनींनाही हसू आलं, खजील झाल्यासारखं. त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि तीच वरची पट्टी परत दाबून पाहायला लागल्या. चित्रणात तेही आलं. अकराव्या मिनिटाला त्यांनी माउस हळूच बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “नाही जमलं बाई मला.”

“काही मजेशीर मिळालं का?” धाकट्याने संध्याकाळी विचारलं. “मिळालं असेल तर तेवढंच काप. दादाला लांबण लावलेलं आवडत नाही.”

डिझायनरने कापलं. सुरुवातीची सहा मिनिटं काढली, त्यांत बघण्यासारखं काय होतं. मग ते हिरवं बटण दाबण्याचा क्षण आला. तो ठेवला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, अहो, दाबलं की यांनी. तोही काढला. सुरुवात केली ती ‘हे नसेल मग’च्या पुढून. उरलं ते तीन मिनिटांचं, आणि बटण कोपऱ्यात ढळढळीत हिरवं. तिने मूळ चित्रण एका फोल्डरमध्ये टाकलं आणि बटणही लगेच जोडून टाकलं. आता नमुन्यात काही खोट नव्हती.

बैठकीत सगळे होते. मोठा, धाकटा, ऑपरेटर, गोदामाचे दोघे. वहिनीही होत्या, स्वतःच्या खुर्चीवर. पडद्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “कुठे लपलास?” आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आवरेना कुणालाच. बटण समोर, आणि बाई पट्टीत शोधतेय. धाकटा टेबलावर थाप मारत होता. आणि मोठा, ज्याने एवढे महिने पेन उघडत-मिटत बायकोची बाजू धरून ठेवली होती, तो डोळे पुसत म्हणाला, “अगं वेडे, नाकासमोर आहे की ते.”

वहिनीही हसल्या. काय करतील? त्यांनी टेबलावरची आपली वही, चष्म्याचं घर आणि सुईदोऱ्याची डबी पिशवीत भरली, आणि जाताना सगळ्यांचा निरोप घेतला. गच्चीवरची दोरी दुसऱ्या दिवशी गोदामवाल्यांनी गठ्ठे बांधायला नेली. नवी साइट वेळेवर सुरू झाली आणि डिझायनरला कायम केलं गेलं. ‘मऊ, आरामदायी’ शर्ट भराभर जायला लागले. भराभर परतही यायला लागले, पण ते पुढचं.

दीड महिन्याने वहिनी ऑफिसात आल्या. बारीक झाल्या होत्या. थेट डिझायनरच्या टेबलापाशी आल्या आणि समोरच्या स्टुलाच्या कडेवर बसल्या.

“वेळ आहे का गं दोन मिनिटं? एकच विचारायचंय.”

“बोला ना वहिनी.”

“ते बटण कुठे होतं, ते एकदा दाखव.”

डिझायनरने साइट उघडली, पिवळा शर्ट काढला, कोपऱ्यातल्या हिरव्या बटणावर बाण नेला. “हे. इथेच होतं.”

वहिनींनी वाकून ते नीट बघितलं. मग म्हणाल्या, “मला ना, हे दाबल्याचं आठवतंय. अगदी स्वच्छ. लिहून झालं, खाली आले, हिरवं दिसलं, दाबलं. पण व्हिडिओत तर तसं काहीच नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “तेव्हापासून घरात सगळे माझ्यावर लक्ष ठेवून असतात. परवा गॅस चालू राहिला, असं हे म्हणाले. मला तर बंद केल्याचं आठवत होतं. आता कोण खरं? सून म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. डॉक्टर म्हणाले, यादी करा. तुम्हाला काय आठवतं आणि खरं काय घडलं होतं, समोरासमोर लिहा. त्यावरून ते औषध ठरवणार आहेत. म्हणून तुझ्याकडे आले. तू माझ्या मागेच बसली होतीस. आणि तुला कशाला खोटं सांगायचंय? मी दाबलं होतं का गं?”

मूळ चित्रण त्याच कॉम्प्युटरमध्ये होतं. फोल्डर उघडायचं, एवढंच. या बाईला आत्ता ‘हो’ म्हटलं तर ती घरी जाऊन पुन्हा आपल्या डोक्यावर भरवसा ठेवेल, हे डिझायनरला लख्ख कळत होतं. आणि हेही कळत होतं की तो ‘हो’ संध्याकाळपर्यंत मोठ्याच्या कानावर जाईल, आणि काचेपलीकडे फोनवर बोलत बसलेला धाकटा उठून इथे येईल. तिला स्वतःची शिसारी आली. पण तीही फार वेळ टिकली नाही.

तिने वहिनींच्या हातावर हात ठेवला. आवाज शक्य तितका मऊ केला.

“नाही वहिनी. तुम्ही दाबलं नव्हतंत.”

वहिनींनी मान डोलावली. रडल्या वगैरे नाहीत. पिशवीतून वही काढली, चष्मा लावला. पानाच्या मधोमध रेघ मारलेली होती. डावीकडे, आपल्या त्याच सुवाच्य अक्षरात, त्यांनी लिहिलं: ‘हिरवं बटण दाबलं.’ मग उजवीकडे लिहिलं: ‘दाबलं नव्हतं.’

“बरं झालं तू खरं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “घरचे सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात.”