चार इंचीला तीन इंची

माणूस बाजेवर पडलं की त्याच्या शब्दाची किंमत उतरते. हे मी महिनाभर बघते आहे. ओसरीत बाज, कमरेच्या हाडात सळई आणि समोर सगळं अंगण. मी सगळ्यांना दिसते, ऐकू मात्र कोणाला जात नाही.

पडले तेही याच अंगणात. न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं इथंच साचतं, शेवाळ धरतं, आणि धुण्याची बादली घेऊन मी त्याच्यावर गेले. बुलढाण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यांना आता खाली बसता यायचं नाही, घरात कमोड बसवा. तेव्हा कुठे आमच्या यांना जाग आली; आजवर घरात संडासच नव्हता, सगळे बाहेर शिवारात जायचो. ओसरीला लागून संडास बांधायला काढला. गवंड्यानं भिंती उभ्या केल्या, कमोड बसवला, भिंतीबाहेर चार इंची पाइपाचं तोंड काढून दिलं आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला. पुढचं काम यांनी अंगावर घेतलं.

"पाइपाचं काम मले कोणी शिकवाचं नाई," म्हणाले.

तेही खोटं नाही. धाडच्या शिवारात आमची विहीर खाली आणि वावर टेकाडावर. यांनी स्वतः पाइपलाइन टाकून त्या चढावर पाणी नेलं. गावातली माणसं अजून सल्ला विचारायला येतात, आणि हे न विचारताही देतात.

संडास होईपर्यंत माझं सगळं बाजेवर. मुलगा दीपक पुण्याकडे कंपनीत असतो. त्याची बायको राखी माझ्यासाठी इथं येऊन राहिली. बाजेखालचं प्लास्टिकचं भांडं ती द्यायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. मग वर फडकं टाकून भांडं मागच्या दारानं घेऊन जायची आणि बऱ्याच वेळानं धुऊन आणायची. कधी कपाळाला आठी नाही. तिनं आठी घातली असती तर मला बरं वाटलं असतं. मरणाची लाज वाटायची मला, म्हणून मी डोळे मिटून पडायची.

आज साखरखेर्ड्याला तिच्या भावाच्या लेकीचं बारसं. ती जायला तयार नव्हती. मीच पिटाळलं.

"जाय माय. दुपारपर्यंत आपला संडास चालू होते. आज मी माह्या पायानं जाईन."

निघताना तिनं भांडं पुढं केलं. मी नको म्हटलं. वॉकर बाजेला टेकवून ठेवला होता. पहिल्यांदा जायचं ते तिथंच, असं मी मनाशी धरलं होतं आणि सकाळपासून पोटात धरून ठेवलं होतं.

यांच्या मदतीला शेजारच्या वावरातले उत्तमराव आले. यांनी काहीही म्हटलं की "बराबर हाय रामभाऊ" म्हणणं, ही त्यांची मदत. पाइप शेतातला उरलेला, तीन इंची. भिंतीतून निघालेला चार इंची. म्हणजे लहान तोंड मोठ्या तोंडावर चढवायचं. अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ केला, पाइपाचं टोक त्यावर फिरवून मऊ केलं आणि ते रुंद करायला यांनी आणला माझा वरवंटा.

"अवो, त्याच्यावर चटणी वाटतो आपण!"

"धुऊन देतो," म्हणाले.

वरवंटा घुसला, पाइप एका बाजूनं चिरला. चिरेवर पाइप चिकटवायचं सोल्युशन, सोल्युशनवर सायकलची ट्यूब गुंडाळून करकचून आवळली. वावरात असं चालतं. पण माझा जीव त्या सांध्यात नव्हता, पाइप जिथं जायचा त्या संडासाच्या खड्ड्यात होता. खालच्या कोपऱ्यात खडक लागला म्हणून यांनी खड्डा वरच्या अंगाला, फाटकाजवळ खणला होता.

"अवो, पाणी तिकडून इकडं येते. जल्मभर अंगण म्या धुतलं, मले माहीत हाय."

"तुले काय समजते? अंगणावरचं पाणी येगळं, पाइपातलं येगळं. पाइपात घातलं का जिकडं पाइप तिकडं पाणी."

"बराबर हाय रामभाऊ," उत्तमराव म्हणाले.

उठून हात धरता येत नाही, तिथं बोलून काय होणार?

कमोडमध्ये पहिली बादली ओतली, ती गेली. यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरीही गेली, आणि खरं सांगते, मलासुद्धा वाटलं की आपलंच चुकलं. मी वॉकरला हात घातला. तिसऱ्या बादलीला कमोडमधलं पाणी वर चढू लागलं. सांधा फुगला, ट्यूब सुटली आणि सगळं पाणी अंगणात, जिथं मी पडले होते तिथंच येऊन साचलं.

दोघं पाण्यातून पाय उचलून बाजूला झाले.

"प्रेशर नाई ना," उत्तमराव म्हणाले.

"मांगं मोटर असती तं चढलं असतं," हे म्हणाले.

"आता मोटर माह्या मांगं लावता का?" मी म्हटलं.

उत्तमरावांना एकदम म्हैस सोडायची आठवली. ते गेले आणि हे चिखलात पाइपाशेजारी उकिडवे बसले. एवढ्या चढावर पाणी नेणारा माणूस, वीतभर चढापुढं बसला होता. मला राग यायला हवा होता. पण राग धरायलाही अंगात काही उरावं लागतं, आणि माझ्याच्यानं आता दुसरंही काही धरवत नव्हतं.

"अवो," मी म्हटलं. "बाजेखाली भांडं हाय."

यांनी मान वर केली. लग्नापासून या माणसानं मला पाण्याचा तांब्या भरून दिलेला नाही. उठले. सोल्युशननं चिकट झालेले हात तसेच घेऊन आले, मला काखेत धरून उचललं. चुकीच्या बाजूनं उचललं, डोळ्यांपुढं अंधारी आली. मग राखीसारखंच तोंड फिरवून उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

झाल्यावर यांनी खांद्यावरचा दुपट्टा भांड्यावर झाकला आणि ते दोन्ही हातांत धरून मागच्या दारापर्यंत गेले. तिथं थांबले.

"कुठी टाकते वं राखी?"

मी तोंड उघडलं. या घरातली प्रत्येक वस्तू कुठे असते ते मीच सांगत आले. पण हे मला माहीत नव्हतं. मागचं दार वाजायचं आणि पुन्हा वाजायचं, एवढंच ठाऊक. ऊन असो, रस्त्यावर माणसं असोत, ती भांडं घेऊन किती लांब जात होती, कोणासमोरून जात होती, मी एकदाही विचारलं नव्हतं.

"तिले फोन लावा," मी म्हटलं.

"फोन लावून काय इचारू सुनेले?"

तिकडे आता पाळण्याभोवती बायका जमल्या असतील, गाणी चालली असतील. त्यांच्यात बसलेल्या राखीला सासऱ्यानं हे विचारायचं?

मला रडू आलं, आणि ते कमरेसाठी नव्हतं. भांडं धरून हे दारातच उभे होते. एकदा उजवीकडे बघत होते, एकदा डावीकडे.