रिकामी परतलेली बस

मित्रांनो, मी शाळेची एक जुनी पिवळी बस आहे. लुइझियानातल्या खाडीकाठच्या कोळ्यांची पोरं मी वर्षानुवर्षं वाहिली. माझ्या बाकांना कोळंबीचा वास लागला तो कायमचाच. त्याची मला लाज नाही. लाज ज्यांना वाटायला हवी, त्यांचीच गोष्ट सांगते.

इथली एक रीत आहे. मोठं वादळ येणार म्हटलं की पुरुष होड्या खाडीतून आत नेतात आणि झाडांना जखडून येतात. ते परतेपर्यंत घरातलं कुणी उंबरा ओलांडत नाही. हे माझ्या चाकांनाही ठाऊक होतं. सरकारी कचेरीने मात्र लोकांना सुरक्षित जागी न्यायला मला धाडलं भर दुपारी, पुरुष आत गेलेले असताना.

सोबतच्या साहेबाने ओडील म्हातारीचं दार वाजवलं. मागे तिची बहीण युलाली चाकांच्या खुर्चीत बसली होती.

"आजी, चला, बसा बसमध्ये."

"माझा नवरा क्लोव्हिस होडी बांधायला गेलाय. तो आला की निघू. तिन्हीसांजेपर्यंत थांब."

"बस थांबत नसते. होडी मोठी की जीव?"

"होडी गेली तर त्या जिवाचं काय लोणचं घालू? आणि हिला त्या उंच पायऱ्या कोण चढवणार, तुझी आई?"

युलाली हसली. "राहू दे गं. पोराची कंबर मोडेल. मला क्लोव्हिसच उचलतो."

साहेबाने घड्याळ पाहिलं. मी रिकामी परतले.

तिन्हीसांजेला क्लोव्हिस आला. रस्ता अजून कोरडा होता, पण त्यांच्याकडे गाडी नव्हती आणि मी कचेरीच्या अंगणात उभी होते. मग पाणी आलं. त्याने ओडीलला छपरावर चढवलं. युलालीसाठी खाली वळला, तोवर दार पाण्याखाली गेलं होतं.

वादळानंतर गावच्या सभेत साहेब म्हणाला, "हे लोक हट्टी आहेत."

ओडील उठली. "बस कधी यावी, हे आमच्यातल्या कुणाला विचारलंस?"

तो कागद चाळत बसला.

आता मी गंजत पडले आहे. नवी बस आली आहे, तिच्या पायऱ्याही तेवढ्याच उंच. मित्रांनो, मला रंग लावून पुन्हा नवी करू नका. कुणाला वाचवायला निघालात तर आधी त्याच्या ओट्यावर बसा. त्याचं घर कुणासाठी थांबतं, ते विचारा. मग गाडी काढा.

आणि युलालीला माझ्यासमोर हट्टी म्हणू नका. त्या दुपारी ती अंगात कोट घालून, मांडीवर पिशवी घेऊन तयार बसली होती.