सासूबाईंचा रुमाल

सासूबाईंना कुठेही ओलं, चिकट दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाई फोन घ्यायला वळल्या, तेवढ्यात सुनेच्या पोटावरचं जेल त्यांनी रुमालाने लख्ख पुसून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा प्रोब पुन्हा पोटावर टेकवला, तर पडदा काळाठिक्कर. मघाशी लुकलुकणारं बाळाचं काळीज दिसेना. सून रडवेली झाली.

"पोट कोणी पुसलं?"

"मीच. चिकट होतं," सासूबाई पुटपुटल्या.

"अहो आजी, मधे हवा राहिली की यंत्राचा आवाज कातडीवरूनच माघारी फिरतो. जेल त्याला आत नेतं."

ताजं जेल पडलं आणि काळीज पुन्हा लुकलुकू लागलं. सून खुदकन हसली.

सासूबाईंनी रुमाल मुकाट्याने पर्समध्ये कोंबला. "आणखी घाला की," त्या म्हणाल्या, "हात कशाला आखडता?"