रविवारी कॉल

पडदे शिवणाऱ्या बाईंच्या मोबाइलवर भाचीचा इंग्रजी मेसेज आला. भाची जन्मापासून परदेशात. स्वतःची आई गेल्यावर बाईंचा भावाशी अबोला झाला, त्यामुळे त्याच्या लेकीला त्यांनी फोटोतच पाहिलेलं.

"आय विल कॉल ऑन यू ऑन संडे," शेजारच्या मास्तरांनी वाचलं.

"म्हणजे?"

"रविवारी फोन करणार. कॉल म्हणजे फोन, त्यात काय अवघड?"

रविवारी सकाळपासून बाई खिडकीपाशी चिकटून बसल्या, कारण रेंज तिथेच यायची. आवाज नको म्हणून मशीनही बंद. दुपार झाली तरी फोन ढिम्म. वाजली ती दाराची बेल.

"आज काम बंद!" बाई बसल्या जागेवरून ओरडल्या.

पुन्हा बेल.

"अहो, सांगितलं ना! मला कॉल यायचाय!"

"मी कॉल करायलाच आले," बाहेरून कुणीतरी अडखळत म्हणालं.

"त्याला माझंच दार सापडलं का? खाली दुकानात जाऊन करा!"

बाहेर पायरीवर बॅग टेकल्याचा आवाज झाला. मग हळूच आवाज आला, "आत्या?"

बाईंनी धावत जाऊन दार उघडलं. पायरीवर बॅग घेऊन एक मुलगी बसली होती. नाक थेट भावाचं.

"अगं, मग 'येते' म्हणून लिहायला हात झिजले असते का?"

"तेच लिहिलं होतं. कॉल ऑन म्हणजे भेटायला येणं."

"मास्तर!" बाईंनी भिंतीकडे तोंड करून आवाज चढवला. "जळलं तुमचं ते इंग्रजी!" पलीकडे रेडिओ मोठा झाला.

मुलगी आत येऊन पाणी प्यायली. "तुम्हाला मी काय कॉल करू?"

"आता कशाला करतेस? समोर बसलेय ना मी!"

मुलगी हसून हसून बेजार झाली. "तसं नाही. काय म्हणून हाक मारू?"

"आत्ता मारलीस तीच. आणि अहोजाहो केलंस तर याद राख."

"बाबाही येणार होते. तिकीट काढलं, मग कॉल ऑफ केलं."

"फोन बंद करून बसला? लहानपणापासून तसलाच!"

"नाही गं आत्या. यायचंच रद्द केलं. म्हणाले, ताई माझं तोंडही बघणार नाही."

बाईंनी मशीनवरचं कापड ओढून त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या, "लाव त्याला."

"हॅलो?" भावाचा आवाज जाड झाला होता.

"गाढवा, पोरीला एकटीला धाडतोस? आणि कोण तोंड बघणार नाही म्हणे? मला विचारलंस कधी?"

मग तो म्हणाला, "ताई, बोल अजून."

"बोलणारच आहे! वर्षानुवर्षांचं साठलंय."

भाचीने चार्जर शोधून फोनला लावला.