मागच्या सीटवरून आलेली ओ

मित्रांनो, गॅरेजच्या मागे कुंपणाला टेकून उभी असलेली ती जुनी हिरवी मोटार म्हणजे मी. हसू नका. आज माझा रंग उडालाय, चाकांतली हवा गेलीय, पण एके काळी माझा काय थाट होता! कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या चकचकीत दारात तोंड दिसायचं. मेकॅनिक बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "हत्ती आहे हत्ती! कुठेही न्या." मीही जरा फुशारून जायचे.

माझ्या घरच्यांना भटकायची भारी हौस. सुट्टी लागली की पडके किल्ले, जुने राजवाडे आणि राखीव जंगलं पालथी घालायची. गाडी बाबा चालवत. आई शेजारी नकाशात डोकं खुपसून बसे. मधल्या सीटवर ताई आणि तिचं पुस्तक. सगळ्यात मागे, सामानाच्या ढिगाआड, वळकट्यांवर धाकटी. ती एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

बाबांच्या मानेला कायम पट्टा. त्यांना मागे वळता येत नसे. म्हणून निघण्याआधी ते समोर बघूनच हजेरी घेत. प्रत्येकाची ओ आली की ते "बरं" म्हणत आणि गाडी सुरू. मला मात्र हजेरीची गरज नव्हती. कोण चढलं, कोण उतरलं, ते माझ्या स्प्रिंगांना कळायचं.

एकदा आम्ही जंगलातल्या एका किल्ल्यावर गेलो. तिथे धान्याचं एक मोठं, अंधारं कोठार होतं. संध्याकाळ व्हायला आली तसा रखवालदार ओरडला, "चला, चला, दरवाजा लावतोय!" एकच धांदल उडाली. सगळे धावत आले. माझी दारं धडाधड लागली. मागचं दारही लागलं, पण त्या दाराला कुणाचा हात लागला नव्हता.

"ताई?"

"हं."

"भिंगरी?"

"आहे," मागून आवाज आला.

"बरं," म्हणत बाबांनी गाडी काढली. पण मागची स्प्रिंग दबलीच नव्हती! वळकट्यांवर कुणीही बसलेलं नव्हतं. मी ओरडणार कशी? मला तोंड कुठे होतं? पोर तिकडे एकटी राहिली होती, अंधार पडत होता, आणि मी तिच्यापासून लांब लांब पळत होते. वाटेतल्या चढावर मी अशी काही तापले की बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. तिथेच थांबले. बाबा मला नाही नाही ते बोलले. बोलू देत.

पाण्याचा कॅन मागे होता. आईने उतरून मागचं दार उघडलं.

"अगंबाई! भिंगरी कुठेय?"

"असं काय करतेस? आत्ता तर ओ दिली तिने," बाबा म्हणाले.

"आहे," रिकाम्या वळकट्यांवरून आवाज आला.

आईने कॅन ओढून बाबांच्या हातात कोंबला.

पाणी ओतून परत फिरलो तेव्हा मला चढ आठवत नाही की उतार. किल्ल्याच्या दाराशी रखवालदार भिंगरीला जवळ घेऊन बसला होता. तिला छातीशी धरून आई रडायला लागली. भिंगरीला मात्र काही कळेना.

"कोठारात एक मुलगी होती. तिला म्हणे कधीपासून कुणी मोजलंच नाही. म्हणाली, आज तुझ्याऐवजी मी ओ देऊ का? मी म्हटलं, दे."

"आत दुसरं कुणी नव्हतं हो," रखवालदार म्हणाला. "मी स्वतः बघून कुलूप लावलंय."

त्या दिवसापासून हजेरी बंद झाली. बाबा पट्टा सोडून, कण्हत का होईना, पूर्ण मागे वळून भिंगरीला डोळ्यांनी बघायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. ते योग्यच होतं. तुमच्या घरच्यांनाही तसंच बघत जा, मित्रांनो. नुसत्या आवाजावर विसंबू नका.

भिंगरी मोठी झाली, मला विकलं, सामान उतरलं. पण ती कोठारातली मुलगी उतरली नाही. तिला न्यायला कोण येणार? अंधारून आलं की ती मागच्या सीटवरून आपणहूनच म्हणते, "आहे." कुणी विचारलेलं नसतं, तरी म्हणते. मग वाट बघते.

तुम्ही कधी इथून गेलात, तर घाबरू नका. काचेशी थांबून एकदा विचारा, "मागे कोण आहे?" ओ आली तर पळून जाऊ नका. फक्त "बरं" म्हणा.